रॅलीची परवानगी म्हणजे नियमांतून सूट नव्हे

मा. संपादक,
स. न.

पाऊस ओसरून थंडी पडू लागली, की नागपुरात मोटारसायकल रॅलींचा हंगाम सुरू होतो. रायपूर, जबलपूर, हैदराबाद, मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना हे शहर सोयीचे पडते. रॅलीच्या फलकांवर गाणी, बक्षिसे, खाण्याचे स्टॉल यांची माहिती ठळक असते. पाहुण्याने कोणत्या रस्त्याने यावे, कुठला रस्ता दुचाकीला बंद आहे, कशापायी गाडी ठाण्यात जमा होते, हे मात्र त्यावर नसते. मग ऐन रॅलीच्या दिवशी चौकाचौकांत हुज्जत होते आणि बदनामी सगळ्याच दुचाकीस्वारांची होते. प्रवेशिकेसोबत दोन पानी माहितीपत्रक देणे आयोजकांना जड नाही. त्यात काय असावे, ते आपल्या वृत्तपत्रातून सर्वांपुढे ठेवत आहोत.

सुरुवात एका गैरसमजापासून करावी लागेल. 'रॅलीला परवानगी आहे' याचा अर्थ इतकाच, की ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या संख्येने एकत्र जाण्यास पोलिसांची हरकत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये रॅलीसाठी वेगळी सवलत नाही. सिग्नल लाल झाला की ताफ्यातली विसावी गाडीही थांबली पाहिजे. पुढच्या दोघांनी चौकात गाड्या आडव्या लावून बाकीच्यांना काढून देण्याची पद्धत अनेक गटांत शिस्त म्हणून शिकवली जाते. कायद्याच्या दृष्टीने तो रस्ता अडवणे आहे. वाहतूक थांबवण्याचा अधिकार पोलिसांचा. रॅलीच्या स्वयंसेवकाच्या अंगात चमकणारे जाकीट असले तरी तो अधिकार त्याला मिळत नाही. अशा अडवलेल्या चौकात रुग्णवाहिका सापडली तर कलम १९४-ई लागते आणि तिथे दंड १०,००० रुपये आहे. ताफा तुटला तर तुटू द्यावा. पुढच्या मोकळ्या जागी, रस्त्याच्या कडेला सगळे पुन्हा एकत्र येतात.

सर्वाधिक गाड्या अडकतात त्या सायलेन्सरपायी. कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला मोकळा पाइप बसवला, की कलम ५२ नुसार तो वाहनातला अनधिकृत बदल ठरतो आणि मालकावर कलम १८२-ए खाली कारवाई होते. त्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाजाबद्दल कलम १९०(२) वेगळे. 'फक्त रॅलीपुरता लावला' हे उत्तर चालत नाही, कारण कायदा रस्त्यावर असलेली गाडी पाहतो. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या गाड्यांत, धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक वेळा कंपनीच्या नळीतच असतो. नळी गेली की तोही जातो, ऑक्सिजन सेन्सर चुकीचे संकेत देऊ लागतो, हवा-पेट्रोलचे मिश्रण बिघडते आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) अडते.

'फटाके फोडणे' हा प्रकार तर गाडीच्या मुळावर येतो. इंजिन वेगात फिरत असताना क्षणभर ठिणगी बंद केली, की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाते आणि तिथे पेट घेते. आवाज होतो तो त्याचाच. कन्व्हर्टरच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. काही वेळा असे केले की ती वितळते वा तुटते, तुकडे पुढे अडकतात आणि मग मालक मेकॅनिककडे 'गाडी ओढत नाही' ही तक्रार घेऊन जातो. स्टँडवर लावलेल्या गाडीचे इंजिन लिमिटरपर्यंत, म्हणजे फिरण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत, ओरडवणे हाही त्यातलाच भाग. उभ्या गाडीला समोरचा वारा मिळत नाही आणि हवेवर थंड होणारे इंजिन मिनिटभरात भाजून निघते. आयोजकांनी मैदानावर हा खेळ सुरू होताच तो थांबवावा.

आवाजाचा दुसरा भाग शहराच्या नकाशाशी जोडलेला आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरता येते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, सिव्हिल लाइन्समधले उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि मिहानमधले एम्स हे परिसर रॅलीच्या मार्गात सहज येतात. तिथे विनाकारण हॉर्न वाजवला तर कलम १९४-एफ लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची, दिवसा ५५ची. उघड्या नळीची एकच गाडी सगळी गल्ली उठवते. लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांनी पहाटे निघताना गाडी सुरू करून दहा मिनिटे 'गरम' करत ठेवू नये. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्धे-एक मिनिट पुरते. पुढचे एक-दोन किलोमीटर हळू चालवले की तेल सगळीकडे पोहोचते. अनेक सुरांचे आणि कर्कश हॉर्न तर केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ नुसार कुठेच चालत नाहीत.

हेल्मेटबद्दल लोक दंडाची रक्कम विचारतात. कलम १९४-डी मध्ये दंडासोबत परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, आणि घरापासून ५०० किलोमीटरवर आलेल्या माणसाला ती जास्त महागात पडते. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट हवे. त्यावर आयएसआय चिन्ह हवे. परदेशातून मागवलेले महागडे हेल्मेट दर्जेदार असेल, पण २०२१ पासून भारतात दुचाकीच्या हेल्मेटला भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. फक्त परदेशी मानकाचा शिक्का असलेले हेल्मेट नाकाबंदीत अडचणीचे ठरते. सहकुटुंब येणाऱ्यांनी आणखी एक नियम पाहावा. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ४० किमीच्या वर जाता कामा नये. रॅलीच्या ताफ्यात हा वेग सांभाळणे अवघड जाते. लहान मूल असेल तर थेट मैदानावर यावे, ताफ्यात शिरू नये.

कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवली तरी ती ग्राह्य धरली जातात. मोबाइलमधला साधा फोटो मात्र चालत नाही. निघण्यापूर्वी विमा आणि पीयूसीची तारीख पाहावी. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्यांचे सहा महिने. जुनी थकलेली चलाने महाट्रॅफिक ॲपवर पाहून भरून टाकावीत. मित्राची गाडी आणली असेल तर त्याचे दोन ओळींचे संमतीपत्र खिशात असावे. भाड्याने गाडी घेताना नंबर प्लेट पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर तो व्यवहार बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते.

विम्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो, तो फार थोडे लोक वाचतात. शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी वापरलेल्या गाडीला विमासंरक्षण नसते. रॅलीत 'ड्रॅग'च्या नावाखाली सरळ रस्त्यावर दोन गाड्या सोडल्या आणि कुणी पडले, तर खर्च स्वतःच्या खिशातून. शिवाय राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा कलम १८९ खालचा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. शहरातले रिकामे रिंग रोड रात्री मोहात पाडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता रस्त्यांबद्दल. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. मोबाइलचा नकाशा 'कार' या पर्यायावर असेल तर तो बिनदिक्कत समृद्धीकडे वळवतो. 'दुचाकी' हा पर्याय निवडून नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असे यावे. धुळ्यापासून हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सहा नंबर. नागपुरात तो वाडीकडून शिरतो. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही. टोलनाक्यावर डावीकडची अरुंद मार्गिका असते. तिथे उभ्या ट्रकांमधून गळलेले डिझेल आणि वाळू साचलेली असते, म्हणून ब्रेक आधी, गाडी सरळ असताना लावावा आणि मार्गिकेत वळताना लावू नये. चौपदरी विभागलेल्या महामार्गावर मोटारसायकलची केंद्रीय कमाल मर्यादा ८० किमी, महापालिका हद्दीत ६०. फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तोच खरा.

दारूबद्दल बाहेरचे लोक हमखास फसतात. नागपुरात दुकाने उघडी असतात, पण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. सेवाग्रामला जाणाऱ्यालाच त्याचा संबंध आहे असे नाही. अमरावतीकडून येताना तळेगाव आणि कारंजा (घाडगे), हैदराबादकडून येताना हिंगणघाट आणि जाम ही गावे वर्धा जिल्ह्यातच आहेत. म्हणजे दोन मोठ्या महामार्गांवरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारूबंदीच्या जिल्ह्यातून येतो. बॅगेत बाटली सापडली तर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि गाडीही अडकते. गडचिरोली जिल्ह्यातही बंदी आहे. पिऊन चालवण्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रात्री उशिरापर्यंत बसलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सातच्या ताफ्याच्या वेळीही अल्कोहोल शिल्लक असू शकते. आंघोळीने आणि चहाने ते उतरत नाही.

जबलपूरकडून खवासा, देवलापार, मनसर असा येणारा महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. वाघ, चितळ, रानगवे खालून ओलांडावेत म्हणून इथे रस्ता उचलून भुयारी मार्ग केले आहेत. त्या पुलांवर गाडी थांबवून फोटो काढू नयेत, हॉर्न वाजवू नये. मागून भरधाव ट्रक येतात आणि खाली जनावर बुजते. डिसेंबरच्या पहाटे या पट्ट्यात आणि भंडारा रोडवर धुके असते. सूर्य वर आल्यावर निघावे. काटोल, वरूड, हिंगणघाट या बाजूंना त्याच दिवसांत कापसाने आणि संत्र्यांनी भरलेले ट्रॅक्टर संध्याकाळी मागच्या दिव्याविना चालतात. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचावे, हा साधा उपाय आहे.

ताफ्यात चालण्याची रीत थोडक्यात. एका गटात पाच ते सात गाड्या, त्याहून जास्त नको. पुढचा मार्गिकेच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या भागात, असे आळीपाळीने. तिरक्या रेषेत पुढच्यापासून एक सेकंद, सरळ रेषेत दोन सेकंद अंतर. ६० किमी वेगात दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर. वळणावर, अरुंद पुलावर आणि गावात एका रेषेत यावे. नवखा माणूस म्होरक्याच्या लगेच मागे. तो शेवटी राहिला की पुढच्यांना गाठण्याच्या नादात वेग वाढवतो आणि पडतो. सर्वांत मागे अनुभवी, त्याच्याकडे पंक्चर किट, हवेचा पंप, जादा क्लच केबल आणि प्रथमोपचार पेटी. पेट्रोलचे थांबे सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून ठरवावेत. हवा टायर थंड असताना भरावी. मागे माणूस आणि सामान असेल तर मागच्या चाकाचा दाब गाडीवरच्या स्टिकरमध्ये दिलेल्या दोघांच्या आकड्यावर न्यावा.

शहरातल्या संथ मिरवणुकीत बिघाड वेगळे होतात. तासभर पायी वेगाने चालताना माणूस अर्धा क्लच दाबून ठेवतो. प्लेटा घासतात, तापतात, जळका वास येतो आणि मग इंजिन फिरते पण गाडी पुढे जात नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटर न देता गाडीला आपल्या चालीने जाऊ द्यावे. पुढे दहा मीटर जागा सोडावी, म्हणजे सारखे थांबावे लागत नाही. मिनिटाहून अधिक थांबणार असाल तर इंजिन बंद. क्लच घसरू लागलाच तर अर्धा तास थंड होऊ द्यावा आणि मग लिव्हरला थोडी सैल हालचाल आहे का ते पाहावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. जादा दिवे लावलेल्या गाड्यांची बॅटरी अशा वेळी उतरते, कारण मंद फिरणारे इंजिन पुरेशी वीज देत नाही. मिरवणुकीत ते दिवे बंदच ठेवावेत.

तारखा ठरवताना आयोजकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथे असते. त्या दिवसांत मोर्चे निघतात, विधान भवनाभोवतीचे आणि सीताबर्डीकडचे रस्ते वळवले जातात आणि बंदोबस्तामुळे पोलिसांकडे रॅलीसाठी मनुष्यबळ उरत नाही. दुसरी गोष्ट मकरसंक्रांत. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो वापरला जातो आणि दुचाकीस्वारांचे गळे चिरले जातात. संक्रांतीला शहरातले उड्डाणपूल दुचाकीसाठी बंद ठेवले जातात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ताफ्याची रॅली ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत येणाऱ्याने हँडलवर जाड तारेची कमान बसवावी, गळ्याला जाड पट्टा बांधावा, हेल्मेटची काच खाली ठेवावी. मांजा दिसला तर हाताने ओढू नये, गाडी थांबवावी.

ड्रोनवरून चित्रीकरण करणाऱ्यांनाही सांगणे आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीविना उड्डाण नाही. सोनेगावचा विमानतळ शहरालाच लागून आहे, त्यामुळे नागपूरचा बराच भाग त्या वर्तुळात येतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन उडवू नये.

पाहण्यासारखे खूप आहे. झिरो माइल आणि कस्तुरचंद पार्क जवळजवळ; तिथला तर्री पोहा सकाळी खावा. सावजी जेवण रात्री, दुसऱ्या दिवशी लांब पल्ला नसेल तेव्हाच. तिखट आणि तेल यांमुळे तहान वाढते. दीक्षाभूमीला ताफ्याने आणि हॉर्न वाजवत जाऊ नये. गाड्या दूर लावून, पादत्राणे बाहेर ठेवून स्तूपात शांतपणे जावे. १४ ऑक्टोबर आणि विजयादशमीच्या आसपास तिथे लाखो लोक येतात, ते दिवस रॅलीसाठी नाहीतच. रामटेक सुमारे ५० किलोमीटर. गडमंदिराच्या घाटात वळणे तीव्र आहेत आणि माकडे गाडीला लटकवलेली पिशवी नेतात. जाळीत बांधलेले सामान वर चढण्याआधी बंद बॅगेत ठेवावे. वाटेत नगरधनचा किल्ला आणि मनसरचे उत्खनन पाहता येते. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला इथे मोटारसायकल फाटकापर्यंतच, आत जिप्सीने. संत्र्याच्या बागा पाहायच्या तर आंबिया बहाराची फळे थंडीच्या सुरुवातीला आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. बागेत शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे, बांधावर गाड्या घालू नयेत.

अपघात झालाच तर ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान आणि डोके स्थिर धरून काढावे. मदत करणाऱ्याला कलम १३४-ए संरक्षण देते. त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही. अपघातग्रस्तासाठी केंद्राच्या २०२५ च्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार आहेत, हे रुग्णालयात आठवणीने सांगावे.

आयोजकांना आमची मागणी स्पष्ट आहे. अर्जात मार्ग, वेळ, गाड्यांची कमाल संख्या लिहून वाहतूक शाखा आणि संबंधित ठाणी दोन्हींची परवानगी घ्यावी. प्रवेशद्वारावर सायलेन्सर, हेल्मेट, विमा तपासूनच हाताला प्रवेशाची पट्टी बांधावी आणि मोकळ्या नळीची गाडी आत घेऊ नये. रुग्णवाहिका मैदानावर नुसती उभी न करता ताफ्याच्या मागे चालवावी. हे माहितीपत्रक मराठी, हिंदी आणि तेलुगूत छापावे, कारण येणारे पाहुणे या तिन्ही भाषांचे असतात.

आपले,
नागपुरातील काही मोटारसायकलस्वार आणि मेकॅनिक